वितरिकेच्या टेलला पाणी पोचवायचं, तर मॉडेलला नेमकं काय विचारायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कशाचं देतेय ते स्पष्ट राहील. तासगाव तालुक्यातली तुमची पाणी वापर संस्था, साधारण १२ किलोमीटरची उघडी वितरिका (मोठ्या कालव्यातून फुटणारा लहान कालवा), मुखाशी सुमारे ३० क्युसेक (सेकंदाला ३० घनफूट) विसर्ग, आणि टेलचे, म्हणजे शेवटच्या टोकाचे, तीन विमोचक (चारीला पाणी देणारी दारं) दर आवर्तनात (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीत) कोरडे नाहीतर अर्धवट. एका पुरवठादारानं सेन्सर, मोबाईलवरचा नकाशा आणि ‘संगणकीय मॉडेल’ असं एकत्र दरपत्रक दिलंय. तुम्ही संस्थेचे सचिव या नात्यानं विचारताय की मॉडेल बसवलं तर टेलला पाणी पोचेल का, असं सॉफ्टवेअर फुकट मिळतं का, आणि त्यात माहिती कोणती भरावी लागते.

मॉडेल बसवल्यानं वितरिकेतलं पाणी वाढत नाही. मॉडेल वेळ सांगतं. मुखाचं दार इतकं उघडलं तर सातव्या किलोमीटरला पाणी किती वाजता येईल, किती येईल आणि किती वेळ टिकेल, एवढं ते चांगलं सांगतं. सातारा-सांगलीच्या कालव्यांवर काम करताना माझं मत असं बनलंय की टेलच्या बऱ्याच तक्रारी वरवर तुटवड्याच्या दिसतात आणि मुळात वेळेच्या असतात. पाणी येतं, पण मध्यरात्रीनंतर येतं. शेतावर कुणी नसतं, पाणी शेवटच्या चारीवरून ओढ्याला जातं. सकाळी माणूस फावडं घेऊन बांधावर उभा राहतो तेव्हा चारी ओली असते आणि रिकामी असते. तो म्हणतो पाणी आलंच नाही, पाटकरी म्हणतो मी सोडलं होतं. दोघंही खरं बोलत असतात.

हे कसं घडतं ते आकड्यांत बघा. संध्याकाळी आठच्या सुमारास वरच्या अंगाचे शेतकरी दारं धरून दमलेले असतात, ते आपापले विमोचक बंद करून घरी जातात. मुखाचं दार मात्र तसंच उघडं. वितरिकेत पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला तर तो ताशी १.८ किलोमीटर होतो. वाहत्या वितरिकेत विसर्ग कमीजास्त झाला की तो बदल पाण्याच्या वेगाहून जलद, साधारण दीडपटीनं पुढं सरकतो. म्हणजे ताशी अडीच-पावणेतीन किलोमीटर. बारा किलोमीटर जायला साडेचार तास. आठ वाजता वाचलेलं पाणी टेलला साडेबाराला जाणवायला लागतं आणि दीड-दोनला भरात येतं. सकाळी सातला वरचे विमोचक परत उघडले की तेवढ्याच अवधीनं, दुपारी बाराच्या आसपास, टेल आटतो. टेलच्या माणसाच्या वाट्याला येणारं पाणी असं रात्रीचं असतं, आणि त्याला ते कुणी आधी कळवलेलं नसतं.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं सगळं अर्धवट ठरेल. पहिलं म्हणजे वरच्या कालव्यातून तुम्हाला मिळणारा विसर्ग स्थिर आहे का? तासगावला येणारं पाणी बहुतांशी उपसा योजनांचं. टेंभू असो, ताकारी असो, म्हैसाळ असो, पंप टप्प्याटप्प्यानं पाणी उचलतात आणि एका टप्प्यावर वीज गेली की खालचं सगळं गणित हलतं. मुखाशीच विसर्ग दिवसातून तीनदा बदलत असेल तर नुसतं वितरिकेचं मॉडेल तो दोष दूर करू शकत नाही. दुसरं, वितरिका मातीची आहे की अस्तरीकरण झालेली (तळाला आणि कडांना काँक्रीटचा थर दिलेली), आणि अस्तर असेल तर ते शाबूत आहे का. तिसरं, वितरिकेला मधे आडवी दारं, म्हणजे क्रॉस रेग्युलेटर, आहेत का आणि ती फिरतात का. चौथं, तुमचा काही भाग बंदिस्त पाइपलाइनवर गेलाय का. गेला असेल तर तिथं मॉडेल वेगळं लागतं, त्याबद्दल खाली लिहिते.

सॉफ्टवेअरकडे जाण्याआधी एक हिशेब कागदावर करा. वितरिका रिकामी असताना ती भरायलाच किती पाणी लागतं? १२ किलोमीटर लांबी आणि पाण्याचा सरासरी छेद (प्रवाह आडवा कापला तर दिसणारं क्षेत्रफळ) दीड चौरस मीटर धरला तर १८,००० घनमीटर. ३० क्युसेक म्हणजे ताशी सुमारे ३,०६० घनमीटर. म्हणजे सहा तास पाणी नुसतं वितरिका भरतं, आणि यात कोरड्या तळाच्या भेगांत जिरणारं पाणी धरलेलंच नाही. आमच्या कामात एक सोयीचा योगायोग आहे, एक क्युसेक एक तास चाललं की ते जवळपास एका एकरावर एक इंच पाणी होतं. त्या मापानं वितरिका एकदा भरणं म्हणजे १८० एकर-इंच. तीन इंचांची पाळी धरली तर साठ एकरांचं भिजवण. आवर्तनाच्या मधेच दोन वेळा वितरिका बंद करून परत चालू केली की एवढं पाणी दोनदा घातलं जातं. बंद केल्यावर ते खाली उतरतं खरं, पण अवेळी आणि एकदम उतरतं, म्हणून शेतात फारसं पडत नाही. सलग चालवणं शक्य असेल तिथं सलग चालवा असं मी आग्रहानं सांगते ते यामुळं.

दुसरा हिशेब पाझराचा. आपल्याकडे संकल्पचित्रात बिनअस्तराच्या कालव्याला दर दहा लाख चौरस मीटर ओल्या पृष्ठभागामागं सेकंदाला साधारण २.४ घनमीटर आणि अस्तरीकरण केलेल्याला ०.६ घनमीटर पाझर धरतात. तुमच्या वितरिकेचा ओला घेर (तळ आणि दोन्ही कडा मिळून पाणी लागणारी रुंदी) तीन मीटर धरला तर ३६,००० चौरस मीटर होतात. मातीची असेल तर सुमारे ३ क्युसेक, चांगलं अस्तर असेल तर पाऊण क्युसेक. प्रत्यक्ष मोजणीत मुख आणि सगळ्या विमोचकांची बेरीज यांत आठ-दहा क्युसेकचा फरक आला, तर त्यातलं पाझरानं जाणारं तीनच आहे. बाकीचं कुठंतरी दारांच्या फटीतून, भरावातल्या भोकांतून किंवा कुणाच्या पाइपातून जातंय. मॉडेलचा सर्वांत मोठा उपयोग मला इथं वाटतो. ते वितरिकेचे तुकडे पाडून दाखवतं की फरक शून्य ते चार किलोमीटरमध्ये नाही, चार ते सहामध्ये आहे. मग पूर्ण बारा किलोमीटर धुंडाळत बसावं लागत नाही.

इथं एक काळजी घ्या. अहवालात त्या पाण्याला ‘चोरी’ असं लिहू नका. ‘हिशेबात न बसलेलं पाणी’ लिहा आणि तुकड्यानिहाय आकडे द्या. चार ते सहा किलोमीटरमधली माणसं तुमचीच सभासद आहेत. आकडा समोर ठेवला की पुष्कळदा तेच लोक सांगतात की अमुक दाराचा रबर गेलाय, तमुक ठिकाणी खेकड्यांनी भराव पोखरलाय. आरोप समोर ठेवला तर पुढच्या आवर्तनात तुमची गेज पट्टीसुद्धा (पाण्याची पातळी वाचायची पट्टी) जागेवर राहत नाही.

आता मॉडेल आतून कसं चालतं ते थोडक्यात. वाहत्या पाण्याचं वस्तुमान आणि संवेग जपणारी दोन समीकरणं फ्रान्समधल्या सां-व्हेनाँ यांनी १८७१ मध्ये मांडली. वितरिकेचे शंभर-दोनशे मीटरचे तुकडे करून, प्रत्येक तुकड्यात दर काही सेकंदांनी ती समीकरणं सोडवणं हे संगणकाचं काम. तळाचा उतार, छेद, दारांची मापं आणि खडबडीतपणाचा गुणांक एवढं त्याला द्यावं लागतं. हा गुणांक म्हणजे मॅनिंगचा ‘एन’. गाडी अडते ती बहुतेक याच जागी.

संकल्पचित्रात अस्तरीकरणासाठी ०.०१८ लिहिलेलं असतं. नवीन माणूस तोच आकडा मॉडेलमध्ये घालतो. वितरिकेवर जाऊन बघावं तर तळाला वीतभर गाळ, कडेनं पाणकणीस माजलेलं, मधेच कुणीतरी म्हशी उतरवण्यासाठी अस्तर फोडलेलं. तिथला खरा ‘एन’ ०.०३५ किंवा ०.०४ सुद्धा असतो. गुणांक दुप्पट झाला की त्याच विसर्गाला पाणी जास्त खोल आणि संथ वाहतं. त्याचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही टेलच्या विरोधात जातात. पाणी उशिरा पोचतं, हा एक. दुसरा कमी लक्षात येतो. वर पाण्याची पातळी चढल्यामुळं वरचे विमोचक आपोआप जास्त पाणी घेतात, त्यांचं दार कुणी बोटभरही वर उचललेलं नसताना.

किती जास्त घेतात हे विमोचकाच्या घडणीवर ठरतं. पाण्याखाली बुडालेल्या पाइपाचा विमोचक असेल आणि पाइपाच्या मध्यावर ३० सेंटिमीटर पाणी असताना ते ४० झालं, तर विसर्ग साधारण १५ टक्क्यांनी वाढतो, कारण तो खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालतो. तेच पाणी जर कट्ट्यावरून ओसंडून जात असेल तर ३० चे ४० झाल्यावर विसर्ग निम्म्याहून जास्त वाढतो. तुमच्या वितरिकेवर वरच्या भागात कुणी पाइप काढून भराव कापून उघडी चारी घेतली असेल, तर तिथलं दार ओसंडणाऱ्या प्रकारचं झालंय आणि पातळीतला प्रत्येक चढ ते गिळतंय. मॉडेल करण्याआधी सगळे विमोचक डोळ्यांनी बघा, कोणता कसला आहे ते वहीत लिहा. पुरवठादाराच्या दरपत्रकात हे काम बहुधा नसेल. ते संस्थेलाच करावं लागेल आणि त्याला पैसे लागत नाहीत.

त्याचीच दुसरी बाजू पंप बंद पडल्यावर दिसते. मुखाचा विसर्ग ३० वरून २० क्युसेक झाला. तूट दहाची. वरचे बुडालेले विमोचक पातळी थोडी उतरल्यानं किंचितच कमी घेतात. त्यामुळं तुटीचा मोठा भाग खाली खाली सरकत टेलच्या वाट्याला येतो. वरच्यांना पंप बंद पडल्याचं कळतसुद्धा नाही, खालचे कोरडे पडतात. म्हणून मॉडेलकडून एकच वेळापत्रक मागू नका. ३० क्युसेक असताना कोणते विमोचक किती वेळ चालतील, २५ असताना कोणते, २० असताना वरचा कोणता गट बंद ठेवायचा, अशी तीन तयार वेळापत्रकं काढून घ्या आणि ती मुखाशी दाराच्या खोलीत चिकटवून ठेवा. पाटकऱ्यानं गेज वाचायचा आणि त्या आकड्याच्या तक्त्यानुसार चालायचं. तुमच्यासारख्या उपसा योजनेवरच्या संस्थेला मॉडेलचा एवढाच उपयोग झाला तरी खर्च वसूल आहे.

‘टेल टू हेड’, म्हणजे आधी टेलला आणि मग वर पाणी द्यायचं, याबद्दलही तुम्ही लिहिलंय की ठराव झाला पण जमलं नाही. न जमण्याचं एक कारण निव्वळ भूमितीचं आहे. वितरिका पुढं पुढं अरुंद होत जाते. टेलचा भाग चार-पाच क्युसेकसाठीच बांधलेला असतो. वरचे सगळे विमोचक बंद ठेवून ३० क्युसेक खाली ढकललं तर आठव्या-नवव्या किलोमीटरला ते काठ ओलांडणार. म्हणजे टेल आधी हा नियम बरोबर आहे, पण त्याच वेळी वर किती विमोचक उघडे ठेवायचे हे काढावं लागतं. मधल्या प्रत्येक छेदाची क्षमता बघून गट पाडायचे. टेलचा गट आणि वरचा एक गट एकत्र, मग टेलच्या पुढचा गट आणि वरचा दुसरा, असं. कागदावर हे गट पाडायला दिवस जातो आणि चुका राहतात. मॉडेलवर पर्याय पटापट तपासता येतात, कुठं पाणी काठाला लागतं ते लगेच दिसतं.

सॉफ्टवेअरचं विचारलंत. उघड्या वितरिकेसाठी अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाचं ‘हेक-रास’ फुकट मिळतं, दारं आणि बाजूचे विमोचक त्यात घालता येतात. अमेरिकेच्याच पर्यावरण संस्थेचं ‘स्विम’ (SWMM, शहरी पावसाच्या गटारांसाठी बनवलेलं) लहान वितरिकेला चांगलं चालतं आणि शिकायला सोपं आहे. अडचण एकच, कोरड्या तळावरून पुढं सरकणारं पाणी हेक-रासच्या नेहमीच्या पद्धतीला नीट झेपत नाही. तळाला थोडं पाणी आहे असं धरूनच ते सुरू करावं लागतं. म्हणून वितरिका पहिल्यांदा भरायचे तास वर दाखवल्यासारखे हातानं काढा, आणि वितरिका वाहती झाल्यावरचं काम सॉफ्टवेअरला द्या. बंदिस्त पाइपलाइनचा भाग असेल तर ‘इपॅनेट’ घ्या, तेही फुकट आहे. पाइपात भरल्यानंतर वेळेचा प्रश्न जवळपास संपतो, दाबाचा सुरू होतो. खालच्या हौदावरचे सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले की उंचावरच्या हौदाला दाबच उरत नाही. तिथं टेल म्हणजे लांबचा शेतकरी नसून उंचावरचा शेतकरी असतो.

तरीही माझा सल्ला असा की पहिलं आवर्तन साध्या एक्सेलच्या तक्त्यावर काढा. एका रकान्यात विमोचकाचा क्रमांक, दुसऱ्यात मुखापासूनचं अंतर, तिसऱ्यात पाणी पोचायला लागणारे तास, चौथ्यात ठरलेला विसर्ग, पाचव्यात उघडण्याची आणि बंद करण्याची वेळ. पोचायचे तास तुमच्या पाटकऱ्याला विचारा. खोडशीच्या बंधाऱ्यावरून निघणारा ब्रिटिश काळातला कृष्णा कालवा घ्या किंवा धोमचे कालवे घ्या, तिथल्या जुन्या पाटकऱ्यांशी बोलताना मला हे नेहमी जाणवलंय की पाणी किती तासांत कुठं पोचतं, उन्हाळ्यात किती उशीर होतो, कोणत्या वळणावर पातळी तुंबते, हे त्यांना पाठ असतं. मॉडेल जुळवताना हीच माहिती सोन्याची असते. मॉडेलचं उत्तर आणि पाटकऱ्याचं उत्तर यात दोन तासांचा फरक आला तर मी आधी मॉडेल तपासते.

इथवरचं थोडक्यात: आधी विमोचक बघून घ्यायचे, वितरिका भरण्याचा आणि पाझराचा हिशेब हातानं करायचा, पाटकऱ्याच्या माहितीवर तक्ता बनवायचा, आणि तो एका आवर्तनात मोजून तपासायचा. मग सॉफ्टवेअर.

पिकाच्या गरजेच्या मॉडेलबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुरवठादाराच्या कागदात ‘पिकानुसार पाणी’ असा शब्द आहे म्हणून लिहिते. त्यासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेचं ‘क्रॉपवॅट’ वापरतात, मागची पद्धत त्यांच्या १९९८ च्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेतली. हवामानावरून रोजचं बाष्पीभवन काढायचं आणि पिकाच्या गुणांकानं गुणायचं. भर वाढीतल्या उसाला गुणांक १.२५, खायच्या द्राक्षाला ०.८५. उन्हाळ्यात रोज ६ मिलिमीटर मूळ आकडा धरला तर उसाला साडेसात, द्राक्षाला पाच. पद्धत उत्तम आहे. पण तासगावात ती जशीच्या तशी लावली तर वेळ चुकते, कारण तुमच्याकडे द्राक्षबागा ठिबकवर आहेत आणि ठिबकला पाणी विहिरीतून किंवा शेततळ्यातून जातं. बागायतदाराला कालव्याचं पाणी शेततळं भरून घ्यायला हवं असतं. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की सगळ्यांना एकाच आठवड्यात तळी भरायची असतात. मॉडेल म्हणेल रोज पाच मिलिमीटर, प्रत्यक्षात मागणी येते ती चार दिवस धो धो आणि मग तीन आठवडे शांत. म्हणून तुमच्या मॉडेलमध्ये मागणी पिकाची न धरता शेततळ्यांची धरा. किती तळी, किती क्षमतेची, कोणत्या विमोचकावर, ही यादी नमुना सातच्या (पाणी मागणीच्या) अर्जांबरोबरच गोळा करता येईल.

विहिरींचंही तसंच. वितरिकेच्या आसपासच्या विहिरी आवर्तन आलं की चढतात, हे तुम्ही बघताच. मॉडेलमध्ये जे तीन क्युसेक ‘पाझर’ म्हणून वजा होतात त्यावर कुणाची तरी बाग उभी असते. संपूर्ण वितरिकेला अस्तर करा असा निष्कर्ष मॉडेलवरून लगेच काढला जातो, त्याला माझा विरोध आहे. आधी त्या पट्ट्यातल्या विहिरींची पातळी आवर्तनाआधी आणि नंतर मोजा. जिथं पाझर विहिरींना मिळतो तिथं तो राहू द्या. जिथं तो चोपण जमिनीत मुरून नुसती दलदल करतोय तिथं अस्तर करा. वाळवा, पलूस, मिरज भागात जास्त पाण्यानं क्षारपड झालेल्या जमिनी आपण सगळे बघतो. वरच्या अंगाला जास्त गेलेलं पाणी वरच्यांच्याही भल्याचं नसतं, हे सभेत सांगायला तो दाखला तुमच्या जवळच आहे.

क्षेत्राबद्दल वाद असेल तर युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, दहा मीटरच्या चौकोनात, साधारण दर पाच दिवसांनी. ऊस आणि बाग उन्हाळ्यात त्यावर स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात ढगांमुळं उपयोग नाही. अर्जात दाखवलेलं क्षेत्र आणि चित्रात हिरवं दिसणारं क्षेत्र विमोचकानिहाय ताडून बघा, पण ते संस्थेच्या आतच ठेवा आणि पहिल्या वर्षी त्यावर कुणाला दंड लावू नका. विहिरीवर भिजलेलं क्षेत्रही चित्रात तितकंच हिरवं दिसतं.

मोजणी हा तुमचा हक्कही आहे. २००५ च्या शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्यानुसार संस्थेला पाणी घनमापन पद्धतीनं, म्हणजे मोजून द्यायचं असतं. मुखाशी मोजमापाचं फ्ल्यूम (विसर्ग मोजायला बांधलेली ठरावीक आकाराची नाली) असेल तर ते साफ आहे का, खालच्या बाजूनं पाणी तुंबून बुडत तर नाही ना, हे बघा. बुडालेलं फ्ल्यूम विसर्ग जास्त दाखवतं आणि तुमच्या नावावर न मिळालेलं पाणी चढतं. पाटबंधारे खात्याच्या शाखा अभियंत्यांना सोबत घेऊन आवर्तनाच्या पहिल्या दिवशी एकत्र मोजणी करा आणि दोघांच्या सह्या घ्या. नंतरचे निम्मे वाद तिथंच मिटतात.

फ्ल्यूम नसेल तर साधी पद्धत पुरते. सरळ, स्वच्छ अशा ३० मीटर लांबीच्या भागावर दोन दोऱ्या आडव्या बांधा. वरच्या दोरीजवळ एक संत्रं पाण्यात सोडा, कारण ते जवळपास पूर्ण बुडून तरंगतं आणि वाऱ्यानं हलत नाही. ३० मीटर जायला ५० सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग ०.६. त्याला ०.८५ नं गुणलं की सरासरी वेग ०.५१. तिथला छेद १.६ चौरस मीटर असेल तर विसर्ग ०.८२ घनमीटर, म्हणजे २९ क्युसेक. मधोमध, डावीकडे, उजवीकडे असं चार-पाच वेळा करून सरासरी घ्या. दहा टक्क्यांची चूक राहील, पण तुमच्या प्रश्नाला एवढी अचूकता चालते.

दरपत्रकाबद्दल. सेन्सर वाईट नाहीत, मुखाशी आणि मध्यावर असे दोन पातळी सेन्सर मला हवेतच, रात्रीचा विसर्ग त्याशिवाय कळत नाही. पण पुरवठादाराला पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा. मॉडेल आमच्या वितरिकेवर मोजलेल्या आकड्यांशी जुळवून देणार का, आणि जुळलं म्हणजे किती फरकाच्या आत? दरवर्षी गाळ काढल्यावर ‘एन’ बदलतो, ते परत जुळवायचं काम कुणाचं? आणि मॉडेलची फाइल व सगळ्या नोंदी संस्थेच्या मालकीच्या राहणार का? या तीन प्रश्नांना नीट उत्तर नसेल तर नकाशा कितीही रंगीत असला तरी थांबा.

येत्या आवर्तनात एवढं करा. शाखा कार्यालयातून वितरिकेचा एल-सेक्शन (लांबीभर तळाची उंची आणि उतार दाखवणारं चित्र) आणि विमोचकांची यादी मागून घ्या. शून्य, चार, आठ आणि अकरा किलोमीटरला पक्क्या बांधकामावर गेज पट्टी रंगवा. पाणी सोडल्यापासून पहिले दोन दिवस आणि दोन रात्री, प्रत्येक ठिकाणी दर तासाला एका माणसानं गेज वाचून वेळेसह लिहायचा, रात्रीच्या नोंदी चुकवायच्या नाहीत, कारण सगळं गुपित रात्रीच्या नोंदीत आहे. त्याच वहीत कोणता विमोचक कधी उघडला आणि कधी बंद झाला ते लिहा. या कामाला टेलच्या गावातली तरुण मुलं घ्या, आणि वरच्या गावातली दोन तरी घ्याच, म्हणजे आकडे दोन्हीकडे मानले जातील. त्या वहीची छायाचित्रं इथं टाका. त्यावरून पोचण्याचे तास आणि ‘एन’ कसा काढायचा, आणि तीन वेळापत्रकं कशी बसवायची, ते तुमच्याच आकड्यांवर करून दाखवते.